शत्रूच्या काठावरचा कोट

बुडापेस्ट शहरात एलिझाबेथ पुलाच्या पूर्वेकडील टोकाशी, डॅन्यूब नदीला लागून, '१५ मार्च चौक' नावाचा एक मोकळा चौक आहे. १८४८ च्या हंगेरियन क्रांतीची आठवण म्हणून त्याला हे नाव मिळाले. चौकाच्या एका अंगाला जुळ्या मनोऱ्यांचे जुने चर्च, दुसऱ्या अंगाला पुलावरून उतरणाऱ्या वाहनांचा ओघ, आणि मध्ये फरसबंदीत बसवलेली जाड काच. या काचेखाली, आजच्या जमिनीच्या पातळीपेक्षा बरीच खाली, दगडी भिंतीचे काही भाग दिसतात. सतराशे वर्षांपूर्वी रोमन साम्राज्याने बांधलेल्या एका छोट्या भुईकोटाचा हा तट होय. 'काँट्रा आक्विंकम', म्हणजे 'आक्विंकमच्या समोरचा', या नावाने तो ओळखला जातो.

कोटाचा विस्तार अवघा ८४ मीटर बाय ८६ मीटर, म्हणजे पाऊण हेक्टरही नाही. रोमन सैन्याच्या मोजमापात ही गढीच म्हणायची. याच शहराच्या उत्तर भागात, ओबुडा येथे, रोमन लीजनची मुख्य छावणी होती आणि तिने सुमारे २४ हेक्टर जमीन व्यापली होती. तशा तीसहून अधिक गढ्या त्या एका छावणीत मावल्या असत्या. तरीही इतिहासकारांना या लहानशा कोटाबद्दल विशेष कुतूहल वाटते. त्याचे कारण त्याच्या जागेत आहे. येथे डॅन्यूब हीच साम्राज्याची सीमा होती. नदीचा पश्चिम काठ रोमचा आणि पूर्वेकडील सपाट मैदान परक्यांचे. काँट्रा आक्विंकम उभा होता तो पूर्व काठावर, म्हणजे सीमेच्या पलीकडे, पराया मुलखात.

नदी हीच वेस

रोमन साम्राज्याची सीमा म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे ब्रिटनमधील हेड्रियनची भिंत उभी राहते. प्रत्यक्षात युरोपातील रोमन सीमेचा फार मोठा भाग भिंतीचा नव्हताच. तो ऱ्हाईन आणि डॅन्यूब या दोन नद्यांचा होता. आजच्या हंगेरीचा डॅन्यूबच्या पश्चिमेकडील भाग हा रोमचा पानोनिया प्रांत. सम्राट ट्रेजनने इ. स. १०६ च्या सुमारास त्याचे दोन भाग केले आणि खालच्या पानोनियाची राजधानी आक्विंकम येथे ठेवली. या नव्या प्रांताचा पहिला राज्यपाल होता हेड्रियन, जो पुढे सम्राट झाला आणि ज्याच्या नावाने ती ब्रिटनमधील भिंत ओळखली जाते.

आक्विंकमची छावणी 'दुसरी आद्युत्रिक्स' या लीजनची. पहिल्या शतकाच्या अखेरीस ती येथे आली आणि सुमारे तीन शतके तिचे ठाणे इथेच राहिले. छावणीभोवती वस्ती वाढली, तिच्या उत्तरेस नागरी शहर उभे राहिले, स्नानगृहे आली, प्रेक्षागारे आली. १९३१ मध्ये तेथे इ. स. २२८ मधील एका ऑर्गनचे भाग सापडले आणि आक्विंकमच्या संग्रहालयाचे नाव जगभर झाले. काँट्रा आक्विंकमच्या वाट्याला असे काही आले नाही. तेथे होता फक्त तट.

मुख्य छावण्यांच्या दरम्यान लहान किल्ले, त्यांच्या दरम्यान चौक्या आणि टेहळणीचे मनोरे, या सर्वांना जोडणारा नदीकाठचा लष्करी रस्ता आणि नदीत गस्तीच्या नौका, अशी ही व्यवस्था होती. तिचा उद्देश मोठी आक्रमणे थोपवणे एवढाच असावा असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. पण सम्राट कॉमोडसच्या काळातील, इ. स. १८५ च्या सुमाराचे काही शिलालेख याच काठावर सापडले आहेत आणि त्यांत चौक्या बांधण्याचे कारण स्पष्ट नोंदवले आहे. चोरट्यांनी गुपचूप नदी ओलांडू नये म्हणून सोयीच्या जागी मनोरे आणि ठाणी उभारली, असा त्या लेखांचा आशय आहे. सम्राटाच्या नावाने कोरलेल्या लेखात फौजांचा उल्लेख नाही, भुरट्या चोरांचा आहे! सीमेवरचे रोजचे काम कोणते होते हे त्यावरून कळते. ते होते कोण उतरतो, काय घेऊन उतरतो आणि कोणाच्या परवानगीने उतरतो यावर नजर ठेवण्याचे.

उतार सांभाळणारी गढी

मग पलीकडच्या काठावर कोट कशासाठी? याचे उत्तर नदीच्या पात्रात आहे. बुडापेस्टमधून वाहणारी डॅन्यूब इतरत्र ऐसपैस पसरलेली असली, तरी गेलेर्ट टेकडीच्या पायथ्याशी तिचे पात्र आवळले जाते. शहरातील सर्वांत अरुंद पात्र येथेच आहे. आजचा एलिझाबेथ पूल नदीत एकही खांब न टाकता २९० मीटरच्या एकाच गाळ्याने हे अंतर पार करतो. पाणी जिथे अरुंद तिथे नावांचा उतार, हा नियम सगळ्या नद्यांना लागू पडतो. टेकडीवर रोमनांच्या आधी एराविस्की या केल्टिक लोकांची वस्ती होती. तेव्हाही हा उतार वापरात असणार हे उघड आहे.

पूर्वेच्या मैदानात पहिल्या शतकापासून याझिगेस हे सार्मेशियन लोक राहत. ते मूळचे भटके घोडेस्वार. त्यांच्याही पलीकडे, आजच्या रुमानियात, ट्रेजनने जिंकलेला डेसिया प्रांत होता. त्यामुळे दुसऱ्या शतकात चमत्कारिक स्थिती निर्माण झाली. रोमचे दोन प्रांत दोन बाजूंना आणि मध्ये रोमच्या मालकीचे नसलेले मैदान. पानोनियातून डेसियाकडे जाणारा जवळचा मार्ग या मैदानातूनच जाई आणि त्याची सुरुवात उतारावर होई. मार्कस ऑरेलियसच्या काळात सार्मेशियनांशी घनघोर युद्धे झाली, इ. स. १७५ मध्ये त्याने 'सार्मेटिकस' ही पदवी घेतली. पण युद्ध संपले की पुन्हा व्यापार, करार आणि ये-जा सुरू होई. अशा शेजाऱ्याच्या अंगणात आपले एक ठाणे असणे रोमला सोयीचे होते. प्रसिद्ध कोट चौथ्या शतकाच्या उंबरठ्यावरचा असला, तरी दुसऱ्या शतकातही या जागी रोमन चौकी असावी असे संशोधक मानतात.

सन २७१ च्या सुमारास सम्राट ऑरेलियनने डेसिया सोडून दिला. साम्राज्य पुन्हा डॅन्यूबच्या रेषेवर आले आणि या रेषेला नव्याने महत्त्व आले. डायोक्लेशियनच्या कारकिर्दीत प्रांतांची फेरआखणी झाली. आक्विंकमचा प्रांत 'वालेरिया' झाला. हे नाव डायोक्लेशियनच्या मुलीचे, सहसम्राट गॅलेरियसच्या पत्नीचे. याच धामधुमीत काँट्रा आक्विंकमचा मोठा कोट बांधला गेला. एका रोमन वर्षनोंदीत इ. स. २९४ खाली एक त्रोटक वाक्य आहे. आक्विंकमच्या आणि बोनोनियाच्या समोर, सार्मेशियात छावण्या बांधल्या, एवढेच ते सांगते. कोटाचे वर्ष आणि नाव दोन्ही या वाक्यावर उभी आहेत.

अर्थात त्यात एक मेख आहे. लीजनची छावणी ओबुडात आणि हा कोट तिथून सरळ रेषेत पाच किलोमीटरहून अधिक दक्षिणेला. मग तो आक्विंकमच्या 'समोर' कसा? छावणीच्या अगदी समोर, राकोश ओढ्याच्या मुखापाशी दुसरा एक रोमन कोट होता. त्याला 'ट्रान्स आक्विंकम' म्हणतात. वर्षनोंदीतील वाक्य या दोहोंपैकी कोणाला लागू पडते यावर विद्वानांचे मतभेद आहेत. चौकातल्या अवशेषांना काँट्रा आक्विंकम म्हणण्याचा प्रघात मात्र आता इतका रुळला आहे की तो बदलण्याची शक्यता दिसत नाही. नाव कोणतेही असो, त्या वाक्यातील 'सार्मेशियात' हा शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. आपण हे बांधकाम आपल्या हद्दीत करत नाही, हे रोमनांना ठाऊक होते आणि ते लपवावे असेही त्यांना वाटले नाही.

तट आणि बुरूज

जुन्या रोमन छावण्या पत्त्यासारख्या आयताकृती, कोपरे गोलसर, तट बेताच्या जाडीचा आणि बुरूज तटाच्या आतल्या अंगाला. त्या बांधणाऱ्या सैन्याला शत्रू चालून येईल ही भीती फारशी नव्हती. लढायचे ते छावणीबाहेर पडून मैदानात, असा त्यांचा रिवाज होता. काँट्रा आक्विंकमची रचना नेमकी उलटी आहे. तट जवळजवळ साडेतीन मीटर जाडीचा. चारही कोपऱ्यांवर पंख्यासारखे पसरलेले बुरूज आणि त्यांच्या दरम्यान घोड्याच्या नालेच्या आकाराचे, तटाबाहेर झुकलेले बुरूज. तटाला भिडलेल्या शत्रूवर दोन्ही बाजूंनी मारा करता यावा यासाठीच असे बुरूज बाहेर काढले जातात. आपले दुर्ग पाहिलेल्या मराठी वाचकाला ही युक्ती समजावून सांगण्याची गरज नाही. बाहेर पडून लढण्याऐवजी आत राहून तग धरण्यासाठी ही गढी बांधली होती. शंभर वर्षांत साम्राज्याचा आत्मविश्वास किती ओसरला होता, हे या साडेतीन मीटरच्या भिंतीवरून जितके कळते तितके कोणत्याही राजाज्ञेवरून कळत नाही.

आत किती शिबंदी असेल याचा अंदाज बांधताना जुन्या लीजनचे आकडे उपयोगी पडत नाहीत. चौथ्या शतकात सीमेवरच्या तुकड्या लहान झाल्या होत्या आणि चांगले सैन्य सम्राटाबरोबर फिरत असे. पाऊण हेक्टरात काही शे माणसे राहू शकतील, हजारो नव्हे. रसद यायची ती नदीपलीकडून. हिवाळ्यात डॅन्यूब गोठली की कोणत्याही नावेशिवाय शत्रूला नदी ओलांडता येई. अशा वेळी पलीकडच्या काठावरील शिबंदीची अवस्था काय होत असेल याची कल्पना करता येते.

पराया मुलखात बांधकाम करण्याची किंमतही रोमला मोजावी लागली. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात सम्राट व्हॅलेंटिनियनने डॅन्यूबकाठी पुन्हा जोरात चौक्या आणि किल्ले बांधायला घेतले. त्यातला एक किल्ला वायव्येकडे राहणाऱ्या क्वादी लोकांच्या हद्दीत उठू लागला. त्यांचा राजा गाबिनियस तक्रार घेऊन आला तेव्हा रोमन अधिकाऱ्याने त्याला मेजवानीला बोलावले आणि दगाफटक्याने मारले. हा प्रकार इ. स. ३७४ चा. क्वादी आणि सार्मेशियन एकत्र होऊन पानोनियावर तुटून पडले. पुढच्या वर्षी ब्रिगेशियोच्या छावणीत, आजच्या हंगेरीच्या उत्तर सीमेवर, क्वादींचे वकील सम्राटापुढे आले. आमच्या जमिनीवर अन्यायाने किल्ला बांधू लागलात म्हणूनच आमची माणसे खवळली, असे त्यांनी सांगताच व्हॅलेंटिनियनचा संताप अनावर झाला आणि त्या संतापातच झटका येऊन तो मरण पावला. इतिहासकार अमियानस मार्सेलिनसने ही हकिकत तपशिलाने लिहून ठेवली आहे. नदीपलीकडच्या एका अपुऱ्या किल्ल्यापायी सम्राटाचा जीव गेला.

पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात वालेरिया प्रांत हूणांच्या हाती गेला आणि रोमन सीमा म्हणून डॅन्यूबचे या भागातील आयुष्य संपले.

तटावर चर्च, चर्चभोवती शहर

साम्राज्य गेले, पण उतार राहिला. नवव्या शतकाच्या अखेरीस हंगेरियन लोक या प्रदेशात आले तेव्हाही नदी ओलांडायला हीच जागा सोयीची होती. ओबुडातील रोमन शहराचे दगड उपसले गेले, त्याच्या जागी शेते आणि द्राक्षमळे आले. पेस्ट हे गाव मात्र या लहानशा कोटाच्या आश्रयाने वाढले. जाड तट आयता मिळाला होता. त्याच्या आत, त्याच्याच दगडांच्या आधाराने चर्च उभे राहिले.

या चर्चशी निगडित सर्वांत जुनी घटना १०४६ सालची. ख्रिस्ती धर्माविरुद्ध झालेल्या उठावात चानाडचा बिशप गेलेर्ट समोरच्या टेकडीवर मारला गेला. त्याला कड्यावरून खाली लोटले असे परंपरा सांगते. त्याचे शव प्रथम नदीअलीकडे पेस्टच्या चर्चमध्ये पुरले आणि पुढे चानाडला नेले. टेकडीला आज त्याचेच नाव आहे. १२४१ मध्ये मंगोलांनी पेस्ट जाळले. नंतर राजाने समोरच्या काठावर, बुडाच्या उंच टेकडीवर, तटबंदीचे नवे शहर वसवले आणि राजसत्ता तिकडे गेली. पेस्टमध्ये व्यापारी राहिले. चौदाव्या आणि पंधराव्या शतकांत चर्चचे गॉथिक गर्भगृह झाले. १५४१ मध्ये बुडा तुर्कांकडे गेल्यावर या चर्चची मशीद झाली. तुर्क १६८६ मध्ये गेले, चर्च पुन्हा चर्च झाले, पण भिंतीतील मिहराबाचा कोनाडा आजही गर्भगृहात पाहता येतो. १७२३ च्या आगीनंतर पुढची बाजू आणि मनोरे बरोक शैलीत बांधले गेले. रोमन तट, ख्रिस्ती गर्भगृह आणि मुसलमानी कोनाडा एकाच इमारतीत असण्याचा हा योग युरोपात विरळाच.

पुलाने घेतलेली किंमत

बुडा, ओबुडा आणि पेस्ट यांचे १८७३ मध्ये एक शहर झाले. राजधानी झपाट्याने वाढू लागली आणि नव्या पुलाची गरज पडली. तो बांधायचा कुठे? अर्थातच पात्र सर्वांत अरुंद होते तिथे. ज्या कारणाने रोमनांनी येथे कोट बांधला त्याच कारणाने अभियंत्यांनीही हीच जागा निवडली. एलिझाबेथ पुलाचे काम १८९७ ते १९०३ या काळात चालले आणि त्यासाठी पेस्टचा जुना गाभाच खणून काढला गेला. अरुंद गल्ल्या गेल्या, जुना चौक गेला, शहराचे जुने टाऊन हॉलही पाडले. चर्च कसेबसे वाचले. पुलाचा रस्ता आज त्याच्या भिंतीला जवळजवळ घासून जातो.

जमिनीखाली काय आहे याचा पद्धतशीर शोध सुरू झाला तो त्यानंतर तीन दशकांनी. आक्विंकम संग्रहालयाशी संबंधित पुरातत्त्वज्ञ लायोश नॉज यांनी १९३० आणि १९४० च्या दशकांत येथे उत्खनने केली. तेव्हा या जागेचे नाव 'शपथ चौक' असे होते. जानेवारी १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने एलिझाबेथ पूल उडवला. वेढ्यात शहराची राखरांगोळी झाली होती. तशा परिस्थितीत, १९४६ मध्ये, नॉज यांचे या कोटावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच्या शीर्षकातच या रोमन कोटाला त्यांनी 'पेस्ट शहराचा पूर्वज' म्हटले आहे. उद्ध्वस्त शहराला त्याचा पूर्वज दाखवणारे पुस्तक त्या वर्षी निघाले, हा योगायोग असला तरी बोलका आहे.

या प्रतिपादनाने एक जुना गैरसमजही दूर झाला. बुडापेस्ट हे रोमन आक्विंकमचे वारस शहर आहे असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात आक्विंकमचे नागरी शहर ओसाड पडले आणि त्याच्यावर पुन्हा मोठे शहर वसलेच नाही. म्हणून तर त्याचे रस्ते आणि घरांची जोती आज उघड्यावर पाहता येतात. अखंड वस्ती राहिली ती या पाऊण हेक्टराच्या आसपास. वस्ती राहिली म्हणूनच येथे पाहण्यासारखे कमी उरले. कोटाचा बराचसा भाग चर्च, रस्ता आणि फरसबंदी यांच्या खाली आहे आणि तो तसाच राहणार.

नवा पूल १९६४ मध्ये खुला झाला. त्यानंतर चौकाच्या मध्ये खोलगट बाग करून अवशेष उघडे ठेवण्यात आले होते. पाऊस, बर्फ, कचरा आणि वरून जाणाऱ्या वाहनांचा धूर यांमुळे दगडांची अवस्था खालावत गेली आणि २०१४ च्या सुमारास चौकाचे नूतनीकरण करताना अवशेषांवर काच आली. लोक आता तटावरून चालतात. चर्चच्या तळघरातही तटाचा भाग पाहता येतो, आणि तेथे खरी कल्पना येते. वर काचेतून दिसणारा तट चित्रासारखा वाटतो, खाली त्याची साडेतीन मीटरची जाडी शेजारी उभी राहते.

रोमन सीमेच्या जागतिक वारशात मात्र बुडापेस्टला स्थान नाही. ऑस्ट्रिया, जर्मनी, स्लोव्हाकिया आणि हंगेरी या चार देशांनी डॅन्यूबच्या सीमेचा एकत्रित प्रस्ताव युनेस्कोपुढे मांडला होता. ओबुडा बेटावरील रोमन राज्यपालाच्या वाड्याचे अवशेष त्यातून वगळण्यावरून २०१९ मध्ये निर्णय लांबला आणि २०२१ मध्ये हंगेरीने प्रस्तावातून माघार घेतली. त्याच वर्षी जुलैमध्ये उरलेल्या तीन देशांतील सुमारे सहाशे किलोमीटरचा पट्टा, ७७ स्थळांसह, यादीत दाखल झाला. तो पूर्वेला जिथे संपतो तेथे स्लोव्हाकियातील इझा गावाजवळ केलेमांशिया हा रोमन कोट आहे. काँट्रा आक्विंकमप्रमाणे तोही नदीच्या परक्या काठावर, मुख्य छावणीच्या समोर बांधलेला. ती मुख्य छावणी म्हणजे व्हॅलेंटिनियन जिथे मरण पावला ते ब्रिगेशियो. डॅन्यूब आज तेथे हंगेरी आणि स्लोव्हाकिया यांची सीमा आहे. पलीकडची गढी जागतिक वारसा यादीत आहे आणि अलीकडची छावणी यादीबाहेर.